डब्यातलं परमिट

काका पहिल्यांदा आमच्या अकोल्याच्या फ्लॅटवर आले, तेव्हा वर येण्याआधी जिन्याखाली जाऊन त्यांनी आमचं मीटर पाहिलं. मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे घरात माणसं आहेत, अशी खात्री झाल्यावरच ते तीन मजले चढून आले. सोफ्यावर टेकले न टेकले तोच उठले आणि हॉलमधली ट्यूबलाइट बंद केली.

"ऊन घरात येऊन राहिलं, अन् तुमी बत्ती जाळून राहिले," ते आमच्या हिला म्हणाले.

आमच्या घरात हिला असं कोणी बोलत नाही. मी तर नाहीच नाही. पण काकांच्या बोलण्यात टोमणा नसायचा. जे दिसलं ते सांगून मोकळं व्हायचं, एवढाच हेतू. ही हसली आणि चहा टाकायला गेली. चहा आला तसे काका कप घेऊन सरळ गॅलरीत गेले, कठड्याला पोट लावून उभे राहिले आणि खालच्या रस्त्याकडे पाहत निवांत चहा पिऊ लागले.

"या की इकडे," मला म्हणाले. "दहा वर्सं झाले म्हणता या घराले, कठडा तं कोराच दिसते."

कोराच होता. मी त्याला कधी हात लावलाच नव्हता. उंचीची मला लहानपणापासून धास्ती. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला शेजाऱ्याला पाठवायचं, गॅलरीत कपडे वाळत घालायची वेळ आली की नेमकं ऑफिसचं काम काढायचं, ही माझी संसारातली कसबं. त्या दिवशी मात्र मी काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ही स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. संध्याकाळी तिनं दोन वेळा पोहे खाणार का असं विचारलं.

काकांशी माझं काही नातं नाही. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण मी ते कधी उच्चारलं नाही आणि त्यांनी माझं कधी लक्षात ठेवलं नाही. लाइनमन म्हणून ते रिटायर झाले. उभा जन्म खांबावर गेल्यामुळे माणसांची नावं त्यांच्या डोक्यात टिकत नसत, माणसाचा लोड मात्र एका नजरेत समजे. ते त्याच नावानं हाक मारत. उशिरा हसणारा तो ट्यूबलाइट. आवाज मोठा आणि काम थोडं, तो मोटारपंप. आमच्या ऑफिसातल्या इंगळे मॅडमना त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत 'तीन फेजवाली बाई' करून टाकलं आणि मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते घरी नवऱ्यालाही सांगितलं. मी झिरोचा बल्ब. मला ते आवडलं नव्हतं.

परतवाड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी काकांचं गाव. गावाच्या पाठीशी काळ्या खडकाचा एक उभा कडा आहे. बाहेरगावच्या काही मंडळींनी त्या कड्यात खालपासून वरपर्यंत लोखंडी पायऱ्या ठोकल्या आणि बाजूनं स्टीलचा जाड दोर बांधला. आपल्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन आखूड दोर, प्रत्येक दोराच्या टोकाला एक हूक. दोन्ही हूक त्या स्टीलच्या दोरात अडकवायचे आणि पायऱ्या चढत जायचं. ठरावीक अंतरावर दोर खडकात पक्का केलेला असतो. तिथे एक हूक काढून पुढच्या दोरात लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. एवढंच त्यातलं शास्त्र. गिर्यारोहणाचा गंध नसलेल्या माणसालाही कडा चढता यावा म्हणून केलेली ही सोय. तिच्या जाहिरातीत 'नवशिक्यांसाठी' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असे.

त्या मंडळींना वाट दाखवणारा माणूस हवा होता, आणि कमरेला पट्टा बांधून जन्म काढलेला एकच माणूस त्या गावात होता. आठ दिवसांत काकांनी कडा असा ताब्यात घेतला की मंडळीच त्यांना विचारून चढू लागली. चढाईच्या टप्प्यांना त्यांनी नावं दिली. पहिला टप्पा बडनेरा, कारण बडनेऱ्याच्या एका खांबावर कावळ्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी चोची मारून खाली उतरवलं होतं. दुसरा चांदूर. चांदूर रेल्वेला रुळाच्या कडेला एक खांब होता आणि गाडी गेली की तो हातात थरथरायचा, तसं इथे वाऱ्यानं दोर थरथरतो. तिसरा वरूड. वरूडचा खांब संत्र्याच्या बागेत होता, म्हणून तिथे पोचल्यावर काका खिशातून एक संत्रं काढत आणि साल न तोडता अखंड सोलून सगळ्यांना एकेक फोड देत. उन्हाळ्यात संत्री मिळत नसत तेव्हा ते तिथे नुसते बसत.

भिऊ नका, असं ते कधीही म्हणत नसत. "भेव लागते ना? लागू द्या. भेव लागलेल्या माणसाचा हूक सुटत नाई," असं म्हणत. खाली पाहू नका, असंही नाही. "पाहाचं तं पोट भरून पाहा. अर्धं पाह्यलं की चक्कर येते." मग प्रत्येकाला बडनेऱ्याच्या पाचव्या पायरीवर थांबवून सगळी दरी नीट पाहायला लावत. ते झाड कोणतं, तो कोणाचा गोठा, बैल किती, असं विचारत. बैल मोजल्याशिवाय पुढे सोडत नसत.

पण काकांचं खरं विक्षिप्तपण डब्यात होतं. कड्याच्या पायथ्याशी पळसाच्या झाडाखाली काकू बसलेल्या असत, मांडीवर एक जुना ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. चढणाऱ्या प्रत्येकानं त्या डब्यात आपली एक वस्तू ठेवायची. जिच्यावाचून घरी जाता येणार नाही अशी वस्तू. किल्ली, चश्मा, कोणाची पर्स. याला काका परमिट म्हणत. लाइनमन तारेवर काम करायला चढण्याआधी सबस्टेशनमधून परमिट घेतो. त्यानं स्वतः ते परत आणून दिल्याशिवाय तारेत वीज सोडायची नसते. तोच नियम त्यांनी कड्याला लावला होता. उतरल्यावर ज्याचं त्यानं काकूंसमोर उभं राहायचं, 'मी उतरलो' असं तोंडानं म्हणायचं, मग काकू वस्तू त्याच्या तळहातावर ठेवणार. नवऱ्याची बायकोला नाही, बापाची लेकीला नाही. कड्यावाल्या मंडळींनी जबाबदारीचा छापील फॉर्म आणला होता, त्यावर काका सही घेऊ देत, पण डबा सुटत नसे. काका स्वतःही दर खेपेला मनगटावरचं घड्याळ काढून डब्यात टाकत आणि उतरल्यावर आपल्याच बायकोपुढे शाळकरी पोरासारखे उभे राहून 'मी उतरलो' म्हणत. काकूही हसत नसत.

मी ऑफिसात आवक-जावक विभागाला आहे. गेलेल्या प्रत्येक कागदाची पोच, आणि ज्याची पोच त्याचीच सही, यावर माझी नोकरी उभी आहे. डब्याची पद्धत सगळ्यांत आधी मला कळायला हवी होती. मीच ती मोडली.

फेब्रुवारीअखेरचा रविवार होता. ऑफिसातले आम्ही सात जण गेलो होतो. इंगळे मॅडमनी सगळ्यांदेखत "साहेब, तुमी येऊन राहिले ना?" असं विचारलं आणि मी हो म्हणालो. माझ्या आवाक्याबाहेरच्या बहुतेक गोष्टी मी अशाच स्वीकारल्या आहेत. ही माहेरी कारंज्याला गेली होती. मी घराची किल्ली डब्यात टाकली.

बडनेऱ्याची पाचवी पायरी मी गाठली. काका खालून म्हणाले, "किती बैल?" मी पाहिलं. अर्धंच पाहिलं. गोठा दिसला, पण बैल दिसायच्या आत डोळे मिटले, आणि मग ते उघडेचनात. हात पायरीला असे चिकटले की माझे मलाच सोडवेनात. मागे सहा माणसं थांबलेली. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. काका बाजूनं वर आले, माझ्या हातावर हात ठेवून पाच मिनिटं उभे राहिले. मग एकेक बोट सोडवलं. त्या पायरीच्या थोडं वर कड्यातून बाजूला निघणारी एक पायवाट आहे, तिथवर त्यांनी मला नेलं.

"या वाटेनं खाली जा," ते म्हणाले. "सिद्दे काकूपाशी. परमिट घ्या अन् बसा. मी ह्यायले वर नेऊन आणतो."

पायवाटेला खाली जाऊन दोन फाटे फुटतात. एक काकूंकडे, एक रस्त्याकडे. काकूंच्या समोर उभं राहायचं आणि 'मी उतरलो' म्हणायचं, हे माझ्या जिवावर आलं. चढलोच नव्हतो, तर उतरलो काय म्हणणार? मी रस्त्याचा फाटा धरला. रस्त्यावर चहाचं हॉटेल आहे. तिथे कमरेच्या पट्ट्यासकट, हूक खुळखुळवत जाऊन बसलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "लाइन दुरुस्तीले आले का?" मी हो म्हणालो.

दीड-दोन तासांनी मंडळी उतरली. इंगळे मॅडम मला शोधत हॉटेलवर आल्या, घामेजलेल्या आणि खुशीत. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, माझी किल्ली तेवढी काकूंकडून आणता का? मी इथे बसलोय हे नका सांगू. नुसतं सांगा की ते उतरले."

मॅडम गेल्या. पंधरा मिनिटांनी धावतच परत आल्या. किल्ली नव्हती.

"साहेब, काका परत कड्यावर चढले!"

"कशाला?"

"तुमाले पाहाले! मी म्हणलं, साहेब उतरले. काकूनं विचारलं, तू पाह्यलं का उतरताना? मी म्हणलं, नाही, पण उतरले. काका नुकतेच सगळ्यायच्या मागून उतरले होते, तिथंच उभे होते. त्यायचा चेहराच पडला. घड्याळही घेतलं नाही, पट्टा कसला अन् चढले. मंग मी ओरडून सांगतलं, हॉटेलात हायेत म्हणून. ऐकूच नाही गेलं त्यायले."

काकांचा डावा कान कामातून गेलेला होता आणि मोबाइल ते कड्यावर नेत नसत. मी उठलो. चहा तसाच टाकून मी त्या पळसाकडे पळालो. इतक्या वर्षांत मी कशाकडेही पळालो नव्हतो.

काकू उभ्या होत्या. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. मला पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "अरे बाप्पा" एवढंच निघालं. मग वर बोट दाखवलं. बडनेऱ्याचा टप्पा रिकामा होता. काका कड्याचं वळण ओलांडून चांदूरच्या बाजूला गेले होते, खालून दिसत नव्हते.

"तिसरी खेप हाये त्यायची आज," काकू म्हणाल्या. "पाण्याची बाटली इथंच राह्यली. सायंकाळी पायात गोळे येतात त्यायच्या. तुमी दिसल्याशिवाय उतरत नाई आता तो माणूस."

"मी जाते," इंगळे मॅडम म्हणाल्या.

"तुयं परमिट तू वापस घेतलं, माय," काकू म्हणाल्या. "अन् तू जाऊन काय फायदा? पुन्हा सांगशीनच का उतरले म्हणून." मग माझ्याकडे वळल्या. डब्याचं झाकण उघडून त्यांनी मला माझी किल्ली दाखवली, दिली नाही. "भाऊ, तुमचं चालूच हाये. तुमी अजून वरच हाये."

शहाण्या माणसानं तिथे बसून वाट पाहिली असती. नवशिक्यानं एकट्यानं चढू नये हेही मला कळत होतं. पण माझ्या खोट्या लाजेपायी एक पासष्टीचा माणूस भर उन्हात कडा धुंडाळत होता, आणि कागदोपत्री मी वर होतो. मॅडमनी माझा पट्टा दोनदा तपासला. मी पाण्याची बाटली खांद्याला अडकवली आणि पहिला हूक लावला.

पाचव्या पायरीवर हात पुन्हा चिकटायला लागले. मी थांबलो. खाली पाहिलं. या वेळी गोठा पाहिला, गोठ्याचं छप्पर पाहिलं, छपराला टेकवलेली शिडी पाहिली. तीन बैल होते, त्यांतला एक बसलेला. काकू पदरानं डोळ्यांवर सावली धरून उभ्या होत्या. पोट भरेपर्यंत पाहिलं, आणि खरंच, चक्कर आली नाही. भीती होती. ती शेवटपर्यंत होती. पण ती आता हातात होती, हूक घट्ट लावायच्या कामी येत होती. एक काढ, लाव, ओढून पाहा. दुसरा काढ, लाव, ओढून पाहा. पायवाटेचा फाटा मागे टाकून मी वळणावर आलो.

वळणापलीकडे काका दिसले. दहा-बारा पायऱ्या पुढे, दोराला रेलून, शरीर बाहेर काढून ते खालच्या झुडपांत पाहत होते. एकेक झुडूप. त्या झुडपांत ते मला शोधत होते, आणि कशा अवस्थेत शोधत होते ते मला कळलं.

"काका!" मी ओरडलो. त्यांचा डावा कान माझ्याकडे होता. वारा होता. मी पुन्हा ओरडलो. मग मला त्यांचा दोरावरचा हात दिसला. मी पायरीला एका हाताचा विळखा घातला आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन तिनं स्टीलच्या दोरावर तीनदा ठोकलं.

काकांचा हात आधी थबकला. मग त्यांनी मान वळवली.

त्यांनी आधी माझ्या कमरेकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोनी हूक लावले का?"

"लावले."

"ओढून पाह्यले?"

"पाहिले."

"मंग या इकडे. बसा."

त्यांच्या अलीकडे माणूस-दोन माणूस बसतील असा एक कोनाडा आहे. मी तिथवर कसा गेलो ते आठवत नाही. आम्ही दोघं हूक लावून शेजारी बसलो. ते पाणी प्यायले, निम्मी बाटली एका दमात. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून संत्रं काढलं. त्या दिवशी सालीचा पट्टा मध्येच तुटला. मी तो तुटलेला एकदाच पाहिला.

"गजानन माया जोडीदार होता," ते खाली पाहत म्हणाले. "दोघायचे दोन परमिट. काम झालं. मले म्हणे, तू जाय पुढं, माया कागदही देऊन दे, मी सामान आवरतो. मी गेलो सबस्टेशनवर. ऑपरेटरनं हात पुढं केला. म्हणे, गजानन उतरला? मी म्हणलं, उतरला."

त्यांनी मला एक फोड दिली.

"त्याची पक्कड वर राह्यली होती. ते घ्याले तो पुन्हा चढला."

वाऱ्यानं दोर थरथरत होता.

"मी लबाड नाई बोललो," काका म्हणाले. "मी निंगालो तवा तो उतरलाच होता."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते सांगण्यासारखे नाहीत, रडत होतो. काकांनी माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली, खांबावर मारावी तशी, आणि म्हणाले, "चला. तिकडं ते उभी हाये."

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. खाली काकूंसमोर आधी मी उभा राहिलो. माझ्या ऑफिसची सगळी माणसं पाहत होती. मी म्हटलं, "मी उतरलो." काकूंनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटवली. मग काका उभे राहिले, "मी उतरलो" म्हणाले आणि घड्याळ घेतलं. मग काकू त्यांना जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी जायला लागलो. वरूडच्या टप्प्यापर्यंत पोचायला मला दोन हिवाळे लागले. काका त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा अकोल्याला आले आणि मग अधूनमधून येत राहिले, मीटर पाहून वर येत, गॅलरीत चहा घेत. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, मी अजून झिरोचा बल्बच का?" ते म्हणाले, "बाकीचे बत्ते येतात जातात. झिरोचा रातभर चालू राह्यते. कोणी बंद नाई करत त्याले." मग त्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते कपातच पडलं, म्हणून विषय तिथेच राहिला.

मागच्या वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं. अमरावतीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी रजा टाकून गेलो. काकू होत्या, नागपूरला दिलेली त्यांची मुलगी आली होती. काकांना हिरवा गाऊन घातला होता, त्यात ते अगदीच लहान दिसत होते. आत नेण्याआधी त्यांनी सवयीनं घड्याळ काढलं आणि काकूंपुढे धरलं.

काकूंनी हात मागे घेतला.

"कड्याचं मले समजते," त्या म्हणाल्या. "इथलं मले काही समजत नाई. आज मी नाई धरत." त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. इतक्या वर्षांत एकही किल्ली न हरवलेले हात.

मुलीनं चटकन हात पुढे केला. काकांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं, पण घड्याळ दिलं नाही. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"माहीत हाये ना?" ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणालो.

चार तास आम्ही बाकावर बसून होतो. काकू जप करत होत्या, मी मूठ मिटून. मग डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. त्या दिवशी घरच्या एकाच माणसाला आत सोडणार होते. मुलगी उठली, डोळे पुसले आणि माझ्याकडे आली.

"द्या भाऊ, घड्याळ. मी देते त्यायले. शुद्धीवर आले की बरं वाटन."

तिचं काही चुकत नव्हतं. बाप तिचा, घड्याळ बापाचं. मी कोण? मी नाही म्हणालो. तिला ते लागलं, आणि लागणारच. "अहो, आले ना ते बाहेर!" ती म्हणाली. मी मान खाली घालून बसलो. काकूंनी तिच्या दंडाला धरलं आणि "राहू दे, बाई" म्हणाल्या.

मी रजा आणखी एका दिवसानं वाढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. काका डोळे मिटून पडले होते. नळ्या बऱ्याच होत्या. मी स्टुलावर बसलो तसे त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, मग छताकडे पाहिलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि छताला ट्यूबलाइट चालू होती. मी उठून बटण बंद केलं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं.

काकांचे ओठ हलले. घशात नळी घातली होती त्यामुळे आवाज बसला होता. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"कोणी मांगतलं होतं का?"

"मागितलं होतं," मी म्हणालो. "तुमच्या मुलीनं."

"देल्लं?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही, मीही पुसलं नाही. मी खिशातून घड्याळ काढलं आणि त्यांच्या समोर धरलं. ते चालू होतं. त्यांनी हात थोडा वर केला, तळहात उघडला. मी घड्याळ ठेवलं नाही. वाट पाहिली.

"मी उतरलो," काका म्हणाले.

मग मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि वरून त्यांची बोटं मिटवली.